पाळण्यावरची फ्रेम

सखारामने पालीच्या भर बाजारात मोबाईल उघडला आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

फोटो वैष्णवीने पाठवला होता. रत्नागिरीजवळच्या नाचणे गावातल्या तिच्या घरी आज बाळाचं बारसं. भिंतीवर सोमवारी त्यानेच टांगलेलं ते भलंमोठं चित्र, आणि त्याच्या बरोब्बर खाली पाळणा. पाळण्यात बाळ. खाली लिहिलेलं, "काका, सगळे विचारतायत फ्रेम कुणी केली म्हणून! अर्ध्या तासात नाव ठेवणार."

आता या सखारामचं सांगायचं तर रत्नागिरीत तीस वर्षं फ्रेमा करणारा माणूस. देव, वारलेली माणसं आणि लग्नाची जोडपी, एवढंच त्याने जन्मभर काचेखाली घातलं. गेल्या काही वर्षांत मात्र लोकांनी हे नवं खूळ काढलेलं. परदेशी चित्रांच्या छापील प्रती आणायच्या आणि हॉलमध्ये लावायच्या. ना झाड, ना माणूस, नुसते रंगाचे पट्टे. वैष्णवीचं चित्र तर पेजेत लोणच्याचा खार सांडावा तसं. "पोरी, ह्याची वरची बाजू कुठची ते तरी सांग," असं तो तिला म्हणाला होता, आणि ती बाळंतीण पोट धरून हसली होती. पण काम त्याने मन लावून केलं. चार फूट बाय तीन, जाड काच, सागवानी पट्टी. वजन बारा किलोच्या खाली नव्हतं.

घोळ झाला तो भिंतीत. घर जुनं जांभ्या चिऱ्याचं, चिऱ्यांच्या मधल्या फटींत नुसती माती आणि वरून नवा गिलावा. अशा भिंतीला जड फ्रेम लावायची तर ड्रिलने चिऱ्यात भोक पाडायचं, लाकडी गुट्टी ठोकायची आणि मग स्क्रू. हे सखारामला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण सोमवारी लाईट गेलेली, ड्रिल बंद. दुपारचे दोन वाजलेले, पोटात कावळे. त्याने सरळ तीन इंची खिळा ठोकला. आणि खिळा कसा गेला? पिकल्या फणसात सुरी जावी तसा! चिरा चुकला, मातीत गेला, हे हाताला तेव्हाच कळलं. तरी त्याने चित्र टांगलं. वर तोंड करून म्हणाला, "वीस वर्षं हलायचं नाही." उद्या येऊन गुट्टी मारू, असं मनाशी ठरवलं. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवारही गेला. आज शुक्रवार.

त्याने फोटो बोटांनी मोठा केला. अरे देवा. भिंतीत खिळा दिसला की आपली माणसं त्याला काय टांगतील याचा नेम नाही. चित्राच्या वर डोकावणाऱ्या त्या खिळ्याला झेंडूची जाड माळ होती, फुगे होते, लाईटची तोरणंही होती. आणि एक बाई पाळण्याची दोरी धरून उभी.

त्याने वैष्णवीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्या घरात आता गाणी चालली असणार, तिथे फोन कोण ऐकतो! दुसऱ्या कुणाचा नंबर त्याच्याकडे नव्हता. त्याने स्कूटरला किक मारली.

हातखंब्यापर्यंत तो कसा आला हे त्याचं त्यालाच ठाऊक नाही. पुढे ट्रकांची रांग लागलेली. कडेच्या खडीतून त्याने स्कूटर घातली, घसरला, गुडघा फुटला, उठला. डोळ्यांसमोर एकच, ती जाड काच आणि त्याखाली बाळाची इवलीशी टाळू. "थांब रे बाबा, दहा मिनिटं थांब," तो खिळ्याला विनवत होता. म्हातारपणी खिळ्याच्या पाया पडायची वेळ आली होती.

नाचण्यात पोचला तेव्हा गाणं बाहेर ऐकू येत होतं. गाणं चालू आहे म्हणजे अजून काही झालं नाही, एवढंच त्याला समजलं. चपलांसकट तो ओटी चढला, बायकांना ढकलत आत घुसला आणि पाळण्यातून बाळाला उचलून मागे सरला.

एकच किंचाळी उठली. बारशाच्या पाळण्यातून परका पुरुष पोर उचलतो म्हणजे काय! बाळाची आत्या रडायलाच लागली.

"सखारामभाऊ, डोकं फिरलं काय तुमचं?" वैष्णवीची सासू गंगुबाई कडाडली. "ठेवा त्याला खाली!"

"खिळा," तो धापा टाकत म्हणाला. "खिळा नाय धरत. चित्र पडंल."

"कुठं पडतंय? चार दिवस तर आहे!" असं म्हणत गंगुबाईने माळेला हात घातला आणि जरा ओढून बघितली.

खिळा माळेबरोबर बाहेर आला. फ्रेम सरळ खाली उतरली आणि पाळण्यात आपटली. काचेचा मोठा तुकडा उशीत उभा रुतला. पाळणा आपोआप हलत राहिला.

गंगुबाईने खिळा तळहातावर घेतला. त्याला चिमूटभर लाल माती चिकटली होती.

"हा ठोकलात तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?"

दमट हवा आहे, भिंत जुनी आहे, असं सगळं जिभेवर तयार होतं. पण बाळाचा श्वास त्याच्या छातीला लागत होता.

"होतं, वैनी."

"आणि चार रात्री झोपलात?"

"झोपलो."

वैष्णवी पुढे आली. तिने बाळासाठी हात पसरले. सखारामला बाळ द्यायचं होतं, पण दुपट्यात रुतलेली त्याची बोटंच उघडेनात. ती एकेक बोट सोडवू लागली.

"सोडा ना काका," ती रडवेली होऊन म्हणाली. "मला तुमची भीती वाटते."