हिरव्या जाकिटाच्या पट्ट्या

उल्याना चेरीच्या बिया काढत होती. वारेनिकीच्या करंज्यांसाठी कणीक मळून झाली होती, आता चेरीचं सारण भरायचं तेवढं राहिलं होतं. इतक्यात तिची दहा वर्षांची यारीना कवायतीसारखे पाय आपटत, छाती पुढे काढून घरात शिरली. डोक्यावर बालदलाची लाल टोपी होतीच, आज त्यात नव्या बिल्ल्याची भर पडली होती.

"आई, बघ! सगळ्यांत जास्त कापड मीच नेलं."

"कसलं कापड गं?"

"जाळीसाठी! बाबांचं हिरवं जाकीट. पेटीत नुसतं कुजत तर पडलं होतं."

उल्याना हातातली चेरी टाकून उठली.

परकी फौज गावात शिरली त्याला दोन वर्षं झाली होती. शाळेवरचा झेंडा बदलला, पुस्तकं बदलली आणि पोरांसाठी हे बालदल निघालं. कवायत, शपथ, बंदूक खोलण्या-जोडण्याच्या शर्यती. वर दर शुक्रवारी, घरात कोण काय बोलतं ते सांगणाऱ्याला चॉकलेट. लेकरांच्या तोंडात चॉकलेट कोंबून आईबापांच्या चहाड्या वदवून घ्यायच्या! याहून ओंगळ धंदा दुसरा कुठला असेल? पोरांच्या पोटात काही राहत नाही, म्हणून उल्यानाने मुलीला सांगून ठेवलं होतं की बाबा पोलंडला कामाला गेलेत. खरं तर तिचा नवरा नदीपलीकडे, आपल्याच देशाच्या सैन्यात लढत होता. अख्ख्या गावाने अशी मिठाची गुळणी धरली आणि त्यात बालदल चालवणाऱ्या लारिसाबाईंचं फावलं.

या लारिसाबाई पूर्वीपासून त्याच शाळेत. एकेकाळी पोरांना भरतकामाचे सदरे घालून आपल्या भाषेतली गाणी शिकवायच्या. आता त्याच गळ्याने हुकूम सोडत होत्या.

उल्याना हात न धुताच मुलीला घेऊन शाळेत गेली. व्यायामशाळेत पोरं ताणलेल्या जाळीत चिंध्या ओवत बसली होती.

"बाई, ते जाकीट परत द्या."

"अगं, आता कुठलं जाकीट? पट्ट्या झाल्या त्याच्या." लारिसाबाई गोड हसल्या. "पण पोर काय गुणाची गं तुझी! उन्हाळी शिबिराला निवडलंय तिला, सीमेपलीकडे. नाही म्हणणाऱ्यांची मुलं कायमची वसतिगृहात जातात, ते तुला ठाऊकच आहे. यारीना, आईला सांग बघू, जाळी कशासाठी?"

यारीनाने टाचा जुळवल्या. "जाळीमागे आपले जवान लपतील. नदीपलीकडच्या नराधमांना ते दिसणार नाहीत. मग आपले जवान त्यांना टिपून टिपून मारतील!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. उल्यानाला किळस आली. त्या हाताची, त्या टाळ्यांची आणि दोन वर्षं मूग गिळून बसलेल्या स्वतःचीही.

"माझी मुलगी शिबिराला येणार नाही," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "यारी, बाबा पोलंडला नाहीत गं. मी खोटं सांगितलं तुला. ते नदीपलीकडे आहेत. तुम्ही ज्यांना मारायला निघालात ना, त्यांच्यातच आहेत तुझे बाबा."

ओवणारे हात थांबले. यारीनाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने जाळीतल्या एका हिरव्या पट्टीला बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं. तिला जवळ घ्यायला आई पुढे झाली, तशी ती दूर सरकली आणि लारिसाबाईंसमोर जाऊन ताठ उभी राहिली.

"बाई," तिने रडवेल्या आवाजात विचारलं, "जाळी कशासाठी विचारलं, तर आता मी काय म्हणायचं?"