सात वर्षांनंतरचा खेळाडू

मुलांनो, क्षणभर व्हर्लनआजोबांच्या खुर्चीत बसून बघा. बाहेर ओहायोतला फेब्रुवारीचा बर्फ, समोर फोन. तीन वाजता संघासंघांतली खेळाडूंची अदलाबदल यंदापुरती बंद होणार आणि त्याआधी तुम्हाला ठरवायचंय, जेरेल प्रुइटच्या बदल्यात काय मागायचं.

जेरेल म्हणजे त्यांच्या बास्केटबॉल संघाचा हुकमी एक्का. व्हर्लननीच त्याला एका खेड्यातल्या शाळेत हेरलं होतं. जन्मभर गावोगाव हिंडून त्यांनी पोरं पाहिली. एवढं मोठं झालेलं हे एकच. आणि परवा त्याने टीव्हीवर सांगून टाकलं, "मला इथं खेळायचं नाही. जाईन तर किनाऱ्यावरच्या त्याच संघात." उन्हाळ्यात करार संपला की तो फुकटच जाणार होता.

"बोला की व्हर्लन! किती ताणू?" किनाऱ्यावरच्या संघाशी चाललेल्या फोनवर हात ठेवून व्यवस्थापक बॉइड म्हणाला.

"गेल्या आठवड्यात दोन उमदे गडी मिळाले असते. आता बाजार उठताना टोपली घेऊन बसलोय आपण."

"ते मलाही कळतं हो! गुडघा गेलेला एक म्हातारा देतायत. आणि सात वर्षांनंतरची त्यांची पहिली निवड."

बर्फामुळे शाळा बंद, म्हणून नात ओडेटा कोपऱ्यात बसली होती. अंगात जेरेलच्या नावाचा सदरा. "आजोबा, निवड म्हणजे?"

"दरवर्षी संघ नवी पोरं निवडतात. त्या वर्षी त्यांच्या पाळीला आपण निवडायचं."

"कुणाला?"

"असेल कुणी एकोणीस वर्षांचा."

तिने बोटं मोजली. "म्हणजे आत्ता बाराचा. माझ्या वर्गातला!"

तेवढ्यात व्हर्लनच्या खिशातला फोन वाजला. जेरेल.

"काका, सोडा ना मला. हात जोडतो."

"तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात बसून मी शब्द दिला होता रे. पोरगा इथंच म्हातारा होईल म्हणून."

"तो शब्द तुम्ही दिला होता, काका. मी नाही."

व्हर्लननी फोन हळूच टेबलावर ठेवला.

"आणखी एक निवड मागितली. नाही म्हणतायत," बॉइडचा आवाज चिरकला. "पाच मिनिटं राहिलीत. काहीतरी बोला!"

"घे."

"एवढ्यावर? लोक आपल्याला फाडून खातील!"

"घे, बॉइड. त्या पोराला निवडायला मी नसेन. पण काहीच न घेता जेरेलला जाऊ देऊ नकोस."

बॉइड फोनमध्ये 'हो' म्हणाला. व्हर्लननी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडली. मधल्या सुट्टीत ओडेटा खेळायला उतरली नाही. आजोबांसारखी गुडघ्यांवर कोपरं टेकून शाळेच्या बंदिस्त मैदानाच्या सगळ्यात वरच्या बाकावर बसली आणि वर्गातल्या एकेका मुलाला निरखू लागली. एकाचा चेंडू सारखा बास्केटच्या कडीवर आपटून परत येत होता. बाकीचे त्याला हसत होते. तो खाली मान घालून निघाला, तेव्हा ती पायऱ्या उतरून खाली आली, चेंडू उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"परत टाक," ती म्हणाली. "मी बघतेय."