पिशवीसकट

ठेकेदाराचं फर्मान एकच: रोप पिशवीसकट लावायचं. पिशवी फाडली की कायमचं घरी बसायचं. खड्ड्यात काळी प्लॅस्टिकची पिशवी, वर माती सारखी केलेली, शेजारी पाटी. फोटो झाले, साहेब गेले, की रोपं कान धरून उपटायची आणि ट्रकात घालून पुढच्या डोंगरावर न्यायची. कारखान्यानं धूर सोडावा आणि त्या बदल्यात झाडं लावावीत, असा सरकारी नियम होता. नियम झकासच! तीच ती रोपं वर्षानुवर्षं डोंगरोडोंगरी हिंडून कारखान्याचं पाप फेडत होती. वाढली मात्र बोटभर नाहीत.

माळी हे काम निमूट करायचा. पोट कुणाला सुटलंय? पण या खेपेचा डोंगर त्याच्या ओळखीचा निघाला. उताराखालचं पहिलं घर ताईचं होतं. आई गेल्यावर याच ताईनं त्याला लहानाचा मोठा केला होता.

फोटोत रोपं उठून दिसावीत म्हणून ठेकेदारानं उतारावरची जुनी, चिवट झुडपं मुळासकट काढायला लावली. ताई अंगणातून ओरडली, "अरे, डोंगर पार बोडका केलात की! पावसात सगळी माती माझ्या घरात येईल."

"नाही येणार. नवी झाडं लावतोय ना, ताई."

"खरी लावताय ना?"

"खरीच. तुझ्या गळ्याची शपथ."

शपथ घेतली तेव्हा ती साफ खोटी होती. ती त्याला दुपारभर टोचत राहिली. शेवटी कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यानं ताईच्या घराच्या वरच्या उतारावरल्या रोपांच्या पिशव्या खुरप्यानं तळाशी चिरल्या. वरून काही कळत नव्हतं.

तपासणीचे साहेब त्या आठवड्यात यायचे होते, ते आलेच नाहीत. त्यांची बदली झाली, नव्या साहेबांना डोंगर कुठे आहे तेच सापडेना. रोपं पाऊस तोंडावर येईपर्यंत तिथेच राहिली. बाकीची पिशवीत गुदमरून पिवळी पडली, ताईच्या घरावरची तरारली. "माझ्या भावानं लावलीत," असं ताई शेजारणींना कौतुकानं सांगत सुटली.

अखेर नवे साहेब आले. गाडीची काच खाली करून त्यांनी डोंगर पाहिला, सही केली, काच वर केली. लगेच उपटणं सुरू झालं. ताईच्या घरावरची रोपं काही हलेनात. ठेकेदार काय ते समजला.

"पिशव्या फाडल्यास?"

"मालक, एवढी राहू द्या. खाली माझी बहीण राहते हो."

"मग बहिणीला सांग, घर हलव. मला पुढच्या डोंगरावर रोपं पुरी भरून द्यायचीत." त्यानं माळ्याच्या हातात पहार दिली. "तूच लावलीस, तूच काढ."

माळ्यानं काढली. नाही म्हणता आलं नसतं का? आलं असतं. त्याच्यानं म्हणवलं नाही, एवढंच. मुळं खोल गेली होती, म्हणून खड्डेही खोल झाले, तेही नेमके ताईच्या घराच्या डोक्यावर. बुजवायला वेळ नव्हता, ट्रक थांबला होता.

ताई दारातून बघत होती. "आणि शपथ रे?" ती म्हणाली.

"दुसरी आणून लावतो, ताई."

ताईचा विश्वास बसला. त्याच्यावर तिचा नेहमीच बसायचा. त्याच आठवड्यात पाऊस कोसळला, खड्डे भरले आणि अख्खा उतार खाली आला. ताईला चिखलातून काढलं तेव्हा माळी तिच्या फक्त बांगड्या ओळखू शकला.

पुढे चौकशी झाली. डोंगरावर झाडं नव्हती म्हणून दरड आली, असं चौकशीत निघालं. मग कारखान्यानं मोठ्या मनानं तिथेच स्मृतिवन जाहीर केलं. ठेका अर्थात जुन्याच ठेकेदाराला. मंत्री आले, कॅमेरे आले. मृतांचा नातलग म्हणून माळ्याला पुढे ढकललं आणि त्याच्या हातात रोप दिलं. पिशवीच्या तळाशी उभी चीर होती, तिच्यावर चिकटपट्टी मारलेली होती. ती कुणाच्या खुरप्याची हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"हे तुमच्या ताईंच्या नावाचं," मंत्री त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "जपा हं याला."

"हो साहेब," माळी म्हणाला. त्यानं रोप लावलं, पिशवीसकट.

गाड्या वळणाआड गेल्या. ठेकेदारानं मान हलवून खूण केली. माळी वाकला. या खेपेला रोप नुसतं हात लावताच निघून आलं.

"शाब्बास," ठेकेदार म्हणाला. "आता कसं शहाण्यासारखं काम केलंस!"