पडणाऱ्याचं वजन

मिस्त्रीने हात वर केला तेव्हा सरांनी फळ्यावर काढलेल्या लिफ्टची दोरी नुकतीच पुसली होती.

"पडणाऱ्याला काहीच जाणवत नाही म्हणता?"

"अहो, सगळी गंमत तिथेच तर आहे!" सर खुलले. लिफ्टच्या कामगारांना सुरक्षेचे धडे देऊन देऊन त्यांचा जीव विटला होता. मूळचा गडी भौतिकशास्त्राचा. "सापेक्षतेचा सिद्धांत तर झाला, पण गुरुत्वाकर्षण त्यात काही केल्या बसेना. तो मांडणारा शास्त्रज्ञ आपला कचेरीत खुर्चीवर बसलेला, आणि एकदम डोक्यात आलं, छपरावरून पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजनच जाणवणार नाही! झालं, तिथून वाट सापडली. पुढे आठ वर्षं गणिताने त्याला रडवलं, पण शेवटी बसवलंच."

"म्हणजे त्रास होत नाही?"

"पडताना? छे! आपटेपर्यंत माणूस मजेत."

वर्ग हसला. मिस्त्रीला हसू आलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ अकराव्या मजल्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात पडला होता. कंबरेचा सुरक्षेचा पट्टा दोघांत एकच. आत उतरेल त्याने बांधायचा. त्या दिवशी जेवणानंतर दोघांनी कामं बदलली, पट्टा बदलायचा राहिला. तो वर लिफ्टच्या दारात उभ्या मिस्त्रीच्याच कंबरेला होता.

धाकट्याची बायको रोज एकच विचारायची, "ह्यांना फार त्रास झाला असेल का हो?" मिस्त्री ताटावरून उठून जायचा. आज पहिल्यांदा त्याच्यापाशी उत्तर होतं.

घरी पोचताच चपला न काढता त्याने सगळं सांगून टाकलं, शास्त्रज्ञ, छप्पर, आठ वर्षं.

"मोठमोठ्या लोकांनी सिद्ध केलंय गं. काही म्हणजे काही जाणवत नाही."

तिने डोळे पुसले. किती दिवसांनी तिचा चेहरा जरा सैल झाला. मिस्त्रीलाही हायसं वाटलं, त्याने स्टूल ओढून पाणी मागितलं.

पाणी देताना ती म्हणाली, "किती वेळ लागला असेल खाली यायला?"

"अडीच-तीन सेकंद. का?"

"तेवढ्यात बोलता येतं का माणसाला?"

"असं का विचारतेस?"

"सकाळी तिथला चौकीदार येऊन गेला. त्याने ऐकलं म्हणे, हे ओरडले, 'दादा, धर!'" तिने त्याच्याकडे पाहिलं. "पण भावजी, तुम्ही तर तेव्हा खाली सामान आणायला गेला होतात ना?"

"हो," मिस्त्री म्हणाला. "खालीच होतो."