हार्लनची काडतुसं

या, असे शेगडीजवळ सरका. केंटकीच्या डोंगरातल्या आयलीन नावाच्या एका बाईची गोष्ट सांगतो. गोष्ट गोड नाही, पण ऐकून घ्या.

"खरंच पैसे वाचतात का गं ताई?" फडताळातला काडतुसांचा खोका उचलून एमेटने विचारलं. आयलीनचा हा धाकटा भाऊ. कित्येक वर्षं ओहायोत कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तसा बायकामुलांसकट नुकताच खोऱ्यात परतला होता.

"वाचतात कसले, डोंबल! हार्लन म्हणायचा, उडवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या घरीच भरल्या की निम्म्यात भागतं. मग निम्म्यात पडतंय म्हणून दुप्पट बार उडवायचा. त्याची यंत्रं, तराजू... तेवढ्यात माझं छप्पर झालं असतं."

"मला तर फुकटच की! दुकानातल्या एका खोक्याच्या पैशात पोराचे बूट येतात. शनिवारी हरणांचा हंगाम सुरू होतोय. एक जरी पडलं तरी हिवाळा निघेल."

आयलीनचे पीठ मळणारे हात थांबले.

तिचा नवरा हार्लन वसंतात गेला. जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या आणि संध्याकाळी खोऱ्याची काडतुसं भरली. लोक रिकाम्या पुंगळ्या आणून द्यायचे, भरलेले खोके न्यायचे. टेबलावर एका वेळी बंदुकीच्या दारूचा एकच डबा, हा त्याचा नेम. पिस्तुलाची दारू भडकन जळते, रायफलची सावकाश; एकीच्या जागी दुसरी गेली तर नळी फुटते. शेवटच्या वर्षी मात्र त्याला आजचा वार आठवेना. एकदा आयलीन बोलवायला गेली, तर टेबलावर दोन डबे उघडे, आणि हा भजन गुणगुणत उरलेली दारू एकातून दुसऱ्यात ओततोय. ती एवढंच म्हणाली, "जेवायला चल." त्या टेबलाखेरीज त्याच्याजवळ उरलं काय होतं?

"हा खोका जुना असेल," तिने स्वतःला समजावलं. भावाला म्हणाली, "ने. जपून रे."

शनिवारी उजाडता उजाडता डोंगरावर एकच बार झाला. एमेटच्या रायफलचा मागचा भाग फुटून तोंडावर आला. उजवा डोळा गेला.

इस्पितळात त्यानेच तिचा हात धरला. "रडतेस काय? रायफल आजोबांच्या वेळची, गंजलेली. हार्लनच्या हातच्या मालाला कोण नावं ठेवील?"

तिला वाट मिळाली होती. गप्प बसली असती तर निभावलं असतं. पण हार्लनचे खोके खोऱ्यातल्या घराघरांत होते, आणि हंगाम आत्ता कुठे लागला होता.

रविवारी चर्चमध्ये उपदेशक ब्रदर कोय साधंच बोलत उठले. बोलता बोलता शब्दांना सूर लागला, एकेका ओळीअखेर श्वास हुंकारू लागला. अहो, असा उपदेश कानी पडला की दगडालाही पाझर फुटतो. तिथे बाया रडतात, गातात. उभं राहून आपली चूक सांगत कुणी नाही. आयलीन उभी राहिली. सूर तुटला.

"काय झालं, सिस्टर आयलीन?" ब्रदर कोयनी विचारलं.

"हार्लनचं डोकं ठिकाणावर नव्हतं," ती म्हणाली. "वर्षभर. दोन जातींची दारू एकत्र करताना मी डोळ्यांनी पाहिलं आणि तोंड शिवून घेतलं. एमेटचा डोळा त्यानं गेला. त्याचे खोके उडवू नका. मला परत द्या."

कुणाला धक्का बसलेला दिसला नाही, आणि हेच तिला कळेना.

दुपारी माणसं आली. एकेक जण टोपी काढून ओसरीवर खोके ठेवू लागला. एकाही खोक्याची चिकटपट्टी फाडलेली नव्हती.

"उडवले नाहीत?" तिने शेजारच्या म्हाताऱ्या व्हर्जिलला विचारलं.

"नाही गं बाई." त्याची मान खालीच. "माझ्या दारात उभा राहून त्यानं मलाच माझं नाव विचारलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही दुकानातली काडतुसं आणायचो, उडवायचो, त्याच पुंगळ्या त्याला नेऊन द्यायचो. त्याचं भरलेलं आणून माळ्यावर टाकायचो. दुप्पट खर्च झाला, होऊ दे म्हटलं. म्हाताऱ्याचं मन मोडायचं कसं?"

"आणि एमेट?"

व्हर्जिलने टोपी हातात फिरवली. "तो ओहायोत होता ना. आम्हाला वाटलं, तू सांगितलं असशील."

ती पायरीवर बसली आणि येणाऱ्याच्या हातून खोका घेत राहिली, अंधार पडेपर्यंत.

बाबांनो, आयलीनसाठी प्रार्थना कराच, हार्लनसाठीही करा. पण देवापुढे डोळे मिटाल तेव्हा एमेटची आठवण ठेवा. सगळं खोरं हार्लनवर माया करत होतं, आणि एमेटला कुणीच सांगितलं नव्हतं.