आबांसारखा चुकणारा कॉम्प्युटर

आबांना मेमो मिळाला, तेव्हापासून घरात कोणी फोडणीसुद्धा जोरात देत नव्हतं. आमचे आबा, भाईदास ऑपरेटर, जळगावला पाईप फॅक्टरीत पॅनलवर बसतात. गेल्या आठवड्यात घंटी वाजली, आबांनी ती बंद केली, आणि मशीनमधलं सगळं प्लॅस्टिक करपलं. आता त्यांना गोदामात पाईप उचलायला पाठवणार म्हणे. आबांची कंबर म्हणजे आधीच मोडकी खाट!

मी डबा घेऊन गेले, तर ऑफिसात पुण्याचे वर्तक साहेब कॉम्प्युटर मांडून बसलेले. त्यात एक खोटा ऑपरेटर. आबांच्या डोक्यात जे चालतं तेच त्याच्या डोक्यात भरायचं, मग चूक माणसाची की मशीनची ते कळणार.

"घंटी वाजली की प्रथम काय करता?"

आबा ताठ उभे. "सर, प्रथम तापमानाचे निरीक्षण करतो. तदनंतर वरिष्ठांना कळवतो."

तदनंतर! घरी हाच माणूस "बठ्ठी भाजी तूच खाई गई का?" म्हणून ओरडतो. बठ्ठी म्हणजे सगळी.

साहेबांनी ते टाइप केलं. खोट्या ऑपरेटरने घंटी ऐकली, तापमान पाहिलं, वरिष्ठांना कळवलं, आणि मशीन वेळेत थांबलं. अगदी वर्गातला मॉनिटर!

"म्हणजे चूक तुमचीच, भाईदास."

आबांचं तोंड एवढंसं झालं. मला काही राहवेना.

"साहेब, हा मॉनिटर आमचा आबा नाहीच!"

"तू उगी ऱ्हाय, माय," आबा मला म्हणाले.

"का राहू? साहेब, लाईट जरा डीम झाली तरी तीच घंटी वाजते. आणि जळगावची लाईट! म्हणून आबा हातातली चहाची बशी न सांडता कोपरानेच बटण दाबतात. सगळेच दाबतात. मी रोज बघते."

साहेबांनी आबांकडे पाहिलं. आबांनी चपलेकडे.

"खरं शे, साहेब," आबा हळूच म्हणाले. "दिवसभर वाजस ती. पहिला इचार हाच येस, लाईट गई व्हई. दुसरा चहाना."

"चहाही यात टाकू?" साहेबांनी कीबोर्डवर बोटं ठेवत विचारलं.

"टाका ना!" मी म्हटलं.

साहेबांनी दिवसभराच्या खोट्या घंट्या भरल्या, चहा भरला. मग खरी घंटी दिली. खोट्या ऑपरेटरने ती बिनधास्त बंद केली. पडद्यावर प्लॅस्टिक करपलं.

साहेबांनी पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा करपलं.

"तापमानाची घंटी वेगळी हवी," शेवटी ते म्हणाले. "मी तसं मॅनेजरला सांगतो. तुम्ही पॅनलवरच राहा."

आबा खुर्चीत बसले आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी पाठ टेकवली. कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाले,

"मंग साहेब, याले बी एक मेमो द्या!"