राखेची रेघ

बेबीनंदा माझी मैत्रीण, पण तिचं कौतुक ऐकलं की माझ्या आंगाचा तिळपापड व्हायचा. आता खोटं कशाला बोलू? चौऱ्याहत्तर साली टेंभुर्णीच्या आमच्या शाळेत सॉफ्टबॉल आला आन् जो तो "बेबी, बेबी!" मी काय तिथं गवत उपटून राह्यले होते का?

औरंगाबादला जायच्या संघात एकच जागा राह्यली होती. बेबी न्हाईतर मी; जिचा टोला लांब, तिची जागा. मच्छिंद्र सर पंच. बॅटवालीनं ज्या चौकटीत उभं राह्यचं, ती आम्ही चुलीच्या राखेनं आखायचो, आन् राखेचा डबा माझ्याच घरून यायचा.

आधी बेबी बॅटला आली. मी तिच्या मागं, चेंडू धरायला. तिनं असा टोला हाणला की चेंडू पार बाभळीपाशी. पोरी नाचाय लागल्या. माझ्या पोटात दुखाय लागलं.

"सर, तिचा पाय चौकटीभाईर होता! आऊट द्या!"

सर वाकले. पोरींच्या पायांनी पुढची रेघ पार पुसून गेल्ती.

"आख्खा पाय भाईर पडला तरच आऊट, प्रभे. टाच रेघंवर असली तरी चालतंय. हितं रेघच न्हाई, आन् मला तर पाय आतच दिसला. टोला बराबर हाय."

"मंग नवी रेघ मारा!" मी डबा आणून आदळला. "चांगली जाड मारा. लबाडी नको कुणाची!"

सरांनी मारली. मंग माझी पाळी. आता बेबी माझ्या मागं. मला चेंडूच्या आधी ती बाभळ दिसत होती, तिच्याबी पुढं टाकायचा होता. मी झेप घेऊन हाणला. गेला की बाभळीपल्याड! मी पळत सुटले.

"आऊट!"

वळून पाह्यलं. रेघंच्या पुढं, काळ्या मातीत माझा अनवाणी पाय उमटला होता. पाची बोटं, टाच, सगळा.

"सर," बेबी म्हणाली, "मी मागंच होते. टाच रेघंवर होती तिची. खरंच."

बिलकुल खोटं. तेबी माझ्यासाठी.

"मी पाह्यलंय," सर म्हणाले. "आऊट म्हंजे आऊट."

बेबी औरंगाबादला गेली, ते मी कसंबसं गिळलं असतं. पण मेलीला माझ्यासाठी खोटं बोलायची काय गरज होती? जागा तर नेलीच, वर चांगलीबी तीच ठरली! आजबी कुणी तिचं नाव काढलं की मी म्हणते, "बेबी ना? लई गुणाची." आन् आतून नुसती जळते.